मामीचे गुडघे आणि चार राज्यांचे कायदे

एका रविवारी सकाळी मामाचा फोन आला आणि त्याने विचारलं, "अरे, तुझ्या ओळखीत डेलावेरचं कोणी आहे का?"

मी डोंबिवलीत राहतो. माझ्या ओळखी एका दिशेला बदलापूरपर्यंत जातात आणि दुसऱ्या दिशेला दादरला संपतात. डेलावेर हे अमेरिकेतलं एक चिमुकलं राज्य आहे एवढं मला माहीत होतं, पण कळव्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाचं तिथे काय अडलं असावं, हे काही केल्या सुचेना.

"कशाला हवंय?"

"फोनवर सांगण्यासारखं नाही. तू ये. मामीच्या बहिणीने बोंबील पाठवलेत."

दुसरं कारण पुरेसं होतं. मी गेलो.

मामाच्या इमारतीला लिफ्ट नाही. लावायची म्हणून बऱ्याच सभा झाल्या. प्रत्येक सभेत तळमजल्यावरच्यांनी लिफ्टमुळे इमारतीच्या मूळ रचनेला धोका कसा पोचेल, यावर अभ्यासपूर्ण भाषणं केली. त्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मामीने एक लोखंडी खुर्ची ठेवली होती. मामीचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. आधी ती खाली जाऊन वर येताना त्या खुर्चीवर बसायची. मग खाली जाणंच थांबलं. खुर्ची राहिली. कुरिअरवाले, गॅसवाले, इतर बिऱ्हाडांकडचे पाहुणे, सगळे तिच्यावर टेकतात. त्या इमारतीतली एवढी एकच सार्वजनिक सोय सभा न घेता झाली.

वर पोचलो तेव्हा मामी ओट्याशी उंच स्टुलावर बसून बोंबलांना रवा लावत होती आणि मामा टेबलावर कागद पसरून बसला होता. कागदांचे चार गठ्ठे होते आणि प्रत्येकावर एकेक चिठ्ठी: तेलंगणा, महाराष्ट्र, हरियाणा, डेलावेर.

"हे काय आहे?"

"माझं कर्ज नेमकं कुठल्या राज्यात आहे, ते शोधतोय," मामा म्हणाला.

त्याच्या कर्जाबद्दल मला थोडं ठाऊक होतं. मामाने नोकरी सोडून सिकंदराबादला एका भागीदाराबरोबर लग्नपत्रिका छापायचा व्यवसाय काढला होता. मामी ठाण्यात महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, म्हणून ती कळव्यातच राहिली आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिला. व्यवसाय बरा चालला, कारण मामा मजकूर फार छान लिहायचा. वर-वधूचे आईवडील छापखान्यात शिरताना दोन साधी माणसं असायची आणि मजकूर घेऊन बाहेर पडताना त्यांना आपण संस्थानिक असल्यासारखं वाटायचं. मग करोना आला. लग्नं पन्नास माणसांत होऊ लागली आणि पन्नास माणसांना फोनवर बोलावता येतं. भागीदार आपल्या गावी निघून गेला. मशीनवर काम करणाऱ्या माणसांचे पगार मामा क्रेडिट कार्डावर उचलून देत राहिला. त्याला वाटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तसं तेव्हा देशातल्या सगळ्याच मोठ्या माणसांना वाटत होतं, त्यामुळे मी मामाला दोष देत नाही. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर त्याने कार्डाचा शेवटचा हप्ता भरला, छापखाना भंगारात काढला आणि कळव्याला परत आला.

आता इतक्या वर्षांनी फोन सुरू झाले होते. बँकेने ती थकबाकी कुठल्याशा वसुली कंपनीला दिली होती आणि कंपनीतली एक मुलगी गुरुग्रामहून रोज बोलायची. "सर, आपका मॅटर तेलंगाना का है. वहाँ बारह साल चलता है," असं ती म्हणाली, आणि तिथून मामाची झोप उडाली. कारण मामा शिकलेला माणूस आहे. न शिकलेल्या माणसाने फोन ठेवून दिला असता. मामाने वाचायला घेतलं.

त्याने इंटरनेटवर विचारलं की जुन्या क्रेडिट कार्डाच्या कर्जाला कुठल्या राज्याची मुदत लागते. उत्तरं भरघोस मिळाली. प्रत्येक राज्याची मुदत वेगळी, कुठे तीन वर्षं, कुठे सहा, कुठे दहा. तुम्ही एका राज्यात कार्ड घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर काय, करारात बँकेच्या मूळ राज्याचा कायदा लिहिलेला असला तर काय, तिथे डेलावेरचा दाखला. सगळं सोपं, मुद्देसूद आणि खात्रीचं इंग्रजी. त्या पानांवरची राज्यं अमेरिकेतली आहेत हे मामाच्या लक्षात आलं होतं, पण तत्त्व जगभर तेच असणार असं तो धरून चालला होता.

"बघ," तो म्हणाला, "कार्ड घेतलं तेव्हा मी तेलंगणात. आता महाराष्ट्रात. ही मुलगी हरियाणातून बोलते. आणि तेलंगणा तर नवीन राज्य. त्यांनी सगळे कायदे नवे केले असतील."

"आणि डेलावेर?"

"ते सावधगिरी म्हणून."

मामीने तव्यावर बोंबील सोडले. "काल रात्रभर ह्यांनी अमेरिकेचा नकाशा बघितला," ती म्हणाली. "मी म्हटलं, जाताय का? जात असाल तर येताना बदाम आणा."

मामाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. खालच्या आवाजात तो म्हणाला, "बारा वर्षं असतील तर द्यावेच लागतील. एफडी मोडतो."

ती एफडी कशासाठी आहे हे घरात तिघांनाही माहीत होतं. मामी निवृत्त झाली तेव्हा मिळालेल्या रकमेतून तिने गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ती ठेवली होती. ठाण्यातल्या डॉक्टरांनी महिना सांगून ठेवला होता. मी मामीकडे पाहिलं. तिने बोंबील उलटले. त्या दिवशी आणि पुढच्या सबंध प्रकरणात मामीने स्वतःच्या गुडघ्यांचा विषय एकदाही काढला नाही. मी माणसांना सहजासहजी मोठं म्हणत नाही, पण हे मी लक्षात ठेवलं आहे.

जेवताना कळलं की आठवड्यापूर्वी वसुलीचा एक माणूस घरीही येऊन गेला होता.

"चांगला माणूस होता रे," मामा म्हणाला. "भर उन्हात आला. तीन मजले चढला. तसाच कसा पाठवणार? दोन हजार दिले."

"दिलेस?"

"हातावर. तो म्हणाला, पावती पाठवतो."

दारात आलेल्या माणसाला काहीतरी देऊन पाठवायचं, ही आमच्या आजोळची रीत. वसुलीवाल्यालाही ती लागू आहे हे मात्र मला नव्याने समजलं.

"पुढच्या शनिवारी परत येणारेय," मामी म्हणाली. "त्याने कंपनीचं पत्र दिलं, त्याला ह्यांनी उत्तर लिहून ठेवलंय. फायलीत आहे. सही करून द्यायचं, म्हणे."

"पत्राला उत्तर न देणं असभ्य असतं," मामा म्हणाला. बाकी कशाबद्दलही त्याला इतकी खात्री नव्हती.

वकिलाला विचारायचं ठरलं. मामाचा आग्रह होता की वकील मोठा पाहिजे, कारण प्रश्न चार राज्यांचा आहे. टेंभी नाक्याजवळ त्याच्या माहितीतलं एक ऑफिस होतं. तिथे काचेची केबिन होती. भिंतीला लागून एकाच रंगाची जाड पुस्तकं होती, ती इतकी सरळ रांगेत की त्यांना कधी हात लागला असेल असं वाटत नव्हतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता टेबलावर उभी होती आणि तिच्या तराजूच्या एका पारड्यात स्टेपलरच्या पिना होत्या. वकीलसाहेबांनी मामाचे चारही गठ्ठे पुढे ओढले, डेलावेरवर जरा जास्त वेळ थांबले आणि म्हणाले, "हा फार गुंतागुंतीचा आंतरराज्यीय विषय आहे." चारही ठिकाणी नोटिसा पाठवाव्या लागतील आणि प्रत्येक नोटिशीची फी वेगळी. त्यांनी आम्हाला घाबरवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही घाबरूनच गेलो होतो. त्यांनी ती भीती नीट घडी घालून परत दिली.

मामा बाहेर आला तो बराच समाधानी दिसत होता. आपला प्रश्न अवघड आहे यावर मोठ्या माणसाने शिक्कामोर्तब केलं होतं.

घरी पोचल्यावर मामीने सगळं ऐकून घेतलं. मग फोन उचलला. "अगं, मी बोलतेय," ती कोणाला तरी म्हणाली. "बाई. हो, तुझ्या बाई. उद्या आहेस का कोर्टात?"

मामीच्या शाळेत शिकलेली एक मुलगी आता कल्याण कोर्टात वकिली करते. तिचे वडील कळव्यात एका कारखान्यात फिटर होते. घर चाळीतलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि मुलीने काळा कोट घालायचा हे ती पाचवीत असतानाच घरात ठरलेलं. आता ती शहाडला राहते. मामीने खाली उतरायचं म्हटल्यावर मामाने आणि मी बरंच समजावलं, पण ती म्हणाली, "माझ्या विद्यार्थिनीकडे मी जायचं नाही तर कोणी?" आणि एकेक पायरी उतरत, कठडा धरत, खुर्चीवर बराच वेळ टेकत खाली आली. कल्याणपर्यंत रिक्षाने गेलो.

कोर्टाच्या आवारात एका पत्र्याच्या शेडखाली वकिलांची टेबलं होती. तिचं टेबल तिसरं किंवा चौथं. त्यावर फायली, पाण्याची बाटली आणि अर्धा खाल्लेला डबा. पंचेचाळिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, चष्मा डोक्यावर. मामीला पाहताच ती उभी राहिली आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

"बाई, बसा. तुम्ही कशाला आलात? मीच आले असते."

"तू आली असतीस तर मला कोर्ट कसं दिसलं असतं?"

"दिसलं ना आता? पत्रा आहे." ती मामाकडे वळली. "काका, बोला."

मामाने चार गठ्ठे टेबलावर मांडले आणि घसा साफ केला. तेलंगणाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. ती दोन मिनिटं ऐकत होती. मग तिने चारही गठ्ठे एकावर एक ठेवले, त्यांच्यावर पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाली, "काका, हे राहू दे. मुदतीचा कायदा अख्ख्या देशाला एकच आहे. राज्याराज्याचा नाही. तुम्ही सिकंदराबादला असा, कळव्याला असा, नाहीतर काश्मीरला जाऊन राहा. अशा कार्डाच्या थकबाकीला दावा लावायची मुदत तीन वर्षं."

"मग ते बारा?"

"बारा वर्षं गहाणाला असतात. तुम्ही घर गहाण टाकलंयत का?"

"नाही."

"मग विषय संपला. तिने कुठेतरी ऐकलं आणि तुम्हाला चिकटवलं."

"आणि डेलावेर?"

तिने चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि मामाकडे नीट पाहिलं. "काका, तिथे काय आहे?"

मामी म्हणाली, "बदाम."

मला या बाईंबद्दल जे वाटलं ते इथेच सांगतो. टेंभी नाक्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये जे तासभर गुंतत गेलं, ते इथे पत्र्याखाली चार वाक्यांत सुटलं आणि त्यात कुठेही 'बघा मला किती कळतं' असा सूर नव्हता. आपलं ज्ञान कमी जागेत बसवता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

"आता कामाचं," ती म्हणाली. "तुम्ही कुठे राहत होता त्याने काही होत नाही. तुम्ही काय केलंत त्याने होतं. शेवटचा हप्ता कधी भरला?"

मामाने सांगितलं. तिने मनाशी हिशोब केला. "करोनाचा काळ सुप्रीम कोर्टाने मोजणीतून वगळलाय. तो वगळूनसुद्धा तीन वर्षं उलटून गेली. त्यानंतर काही दिलंत?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "दोन हजार. आठ-दहा दिवसांपूर्वी. रोख."

"सही केलीत कुठे?"

"नाही."

"मग त्याने मुदत परत सुरू होत नाही. मुदत चालू असताना दिलं असतंत आणि तशी तुमच्या हातची नोंद असती, तर झाली असती. आता ती संपल्यावर दिलंत. ते दोन हजार बँकेत पोचले असतील तर मी वकिली सोडून बाईंसारखी शाळेत जाईन." मग ती पुढे झुकली. "लेखी काही दिलंय? मेसेज, मेल, पत्र?"

मामाने फाईल उघडली आणि, शनिवारी वसुलीवाल्याला द्यायचंय म्हणत, अत्यंत संकोचाने पत्र काढून दिलं. अजून सही केली नव्हती. तिने वाचायला सुरुवात केली आणि तिचे ओठ हलायला लागले. मध्येच ती थांबली आणि एक ओळ मोठ्याने वाचली. "'आपल्या संस्थेने इतकी वर्षं दाखवलेल्या संयमाच्या ऋणातून मी उतराई होऊ शकत नाही, तथापि आपल्या आर्थिक ऋणातून मासिक हप्त्यांनी निश्चितपणे मुक्त होईन.'" तिने पत्र खाली ठेवलं. "काका, मी बरीच कबुलीपत्रं पाहिली आहेत. इतकं सुंदर नाही पाहिलं. बँकेच्या वकिलाला सांगितलं असतं तरी जमलं नसतं."

मामाला ही स्तुती आहे की नाही ते ठरवता येईना.

"ह्यात 'देईन' म्हटलंय," ती म्हणाली. "मुदत गेल्यावरही, देईन असं लिहून सही केली की तो नवा करार होतो. मग परत तीन वर्षं. तेव्हा शनिवारी तो आला की चहा द्या, पाणी द्या, पाहिजे तर जेवायला घाला. सही देऊ नका. आणि कोर्टाचं समन्स आलं तर मात्र घरी बसायचं नाही. लगेच माझ्याकडे यायचं."

मामाने विचारलं, "म्हणजे मी हे बुडवायचं?"

इतका वेळ तो हेच विचारायला थांबला होता, असं मला वाटलं.

तिने पत्राची घडी घालून ते मामाच्या फायलीत ठेवलं. "काका, कायदा कर्ज पुसत नाही. कोर्टात जायचा त्यांचा रस्ता बंद करतो. मनातून द्यावंसं वाटलं तर आजही देता येतं, कोणी अडवत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यावर मी फी घेऊ शकत नाही."

फी तिने कशाचीच घेतली नाही. मामीने पर्स उघडली तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या पाढ्यांची घेतली होती का?" आणि डबा परत पुढे ओढला.

परतीच्या वाटेवर मामा रिक्षाबाहेर तोंड करून बसला. संध्याकाळी चहा घेताना म्हणाला, "मी आयुष्यात कोणाचं ठेवलं नाही. निम्म्यावर तडजोड करतात म्हणे. तेवढे देऊन टाकू."

निम्मे म्हणजे जवळपास ती एफडीच. मी काहीतरी बोलणार होतो, पण मामीने मला हाताने थांबवलं.

मामी ठाण्याच्या कोळीवाड्यातली. मामाने तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या आजोळी बरीच गंभीर चर्चा झाली होती. पुढे मामीच्या हातचं कालवण पहिल्यांदा घरात आलं आणि गंभीर माणसं एकेक करून पाटावर येऊन बसली. वर्गात ती पुस्तकी मराठी शिकवायची. आईबद्दल बोलायला लागली की मात्र तिची भाषा खाडीकडे वळते.

"माझी आय मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरायची," ती मामाला म्हणाली. "उधारी असायचीच. सगळी तोंडपाठ. काही लोक द्यायचे, काही नाय द्यायचे. एकदा एका घराने खूप थकवली. आयने त्या गल्लीत जायचंच सोडलं. म्हणायची, त्या दारापुढून गेलं की डोक्यावरची पाटी जड होते. मग आजीने तिला सांगितलं, अगं, एका घराच्या उधारीपायी तू अख्खी गल्ली सोडलीस. बाकीच्या घरांचं काय?"

"मग?"

"मग तिने नेम केला. नारळी पुनवेला खाडीवर नारळ सोडायची ना, तेव्हा दोन पुनवा उलटून गेलेली उधारी पाण्याला सांगायची. अमक्याची सोडली, तमक्याची सोडली. मोठ्याने. मी बाजूला उभी. दुसऱ्या दिवशी त्याच घरापुढे जाऊन हाक द्यायची, मावरा घ्या."

"आणि पैसे?"

"सोडले ते सोडले. पण त्या घराला पुढे कायम रोखीने. आय भाबडी नव्हती." मामीने कप खाली ठेवला. "अहो, तुम्हाला वाटतं मुदत ही उधार घेणाऱ्याला पळायला ठेवलीय. ती उधार देणाऱ्यालापण लागते. तुम्ही पोरांचे पगार केलेत त्या पैशांतून, मजेला नाय उडवलेत. नंतर होतं तोवर भरलंत. बँकेने ती उधारी कवडीमोलाने विकली, मोकळी झाली. तुम्हीच एकटे त्या गल्लीत अडकून बसलात."

त्या रात्री मी तिथे राहिलो नाही, त्यामुळे पुढे दोघांचं काय झालं ते मला माहीत नाही. शनिवारी मात्र मुद्दाम गेलो.

वसुलीवाला दुपारी आला. चाळिशीचा माणूस, हातात हेल्मेट, शर्ट घामाने चिकटलेला. दार उघडताच म्हणाला, "ती खुर्ची कोणी ठेवलीय हो? पुण्य लागेल त्याला." मामीने स्टुलावरूनच हात वर केला.

बसल्यावर त्याने कामाला सुरुवात केली. तो धमक्या देणाऱ्यांतला नव्हता आणि तोच त्याचा धोका होता. "सर, पैशाचं नंतर बघू. घाई नाय. फक्त दोन ओळी द्या, तुमच्या हाताने. मागच्या टायमाला तुम्हीच बोललेले, मी लिहून ठेवतो. वरती दाखवायला बरं पडतं. माझंपण टार्गेट असतं ना, सर."

मामाने फाईल उघडली. पत्र काढलं. खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. मी मामीकडे पाहिलं. तिने मला मान हलवून गप्प बसवलं.

तेवढ्यात चहा उकळून वर आला. मामी उठली. एक हात ओट्यावर, दुसरा भिंतीवर, मग अर्ध्यात थांबून श्वास, मग उभी. हे ती दिवसातून कितीतरी वेळा करत असणार. मामा तिच्याकडे पाहत होता. मला वाटतं, तो रोज बघत असूनही त्या दिवशी त्याने ते पहिल्यांदा पाहिलं. त्याने पेनाला टोपण लावलं.

"मी लिहून देणार नाही," तो म्हणाला.

"का सर?"

"मुदत उलटून गेलीय. तोंडी सांगतो, तसंच वर कळवा. तुम्हाला उगाच फेरी पडली, त्याबद्दल मला वाईट वाटतं."

"सर, पण तेलंगणाचा..."

"तिथेही तीनच. सगळीकडे तीनच." आणि मग अत्यंत सभ्यपणे, पत्रिकेच्या शेवटी आग्रहाचं निमंत्रण लिहितात तशा सुरात त्याने विचारलं, "चहात साखर किती?"

त्या माणसाने हेल्मेट खाली ठेवलं. मग हसला. "दोन चमचे," तो म्हणाला. चहा पिता पिता त्याने सांगितलं की दिवसात अशा किती जिन्यांवर चढावं लागतं आणि त्याच्या स्वतःच्या बायकोचाही गुडघा दुखतो. मामीने त्याला तिच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. निघताना ती म्हणाली, "तुमच्या साहेबांना सांगा, एका घरापायी अख्खी गल्ली अडवू नका म्हणावं." त्याला ते कळलं की नाही ठाऊक नाही. त्याने मान हलवली आणि हेल्मेट उचललं.

फोन लगेच थांबले नाहीत. काही महिने निरनिराळ्या आवाजांत येत राहिले. मामा प्रत्येकाला तेच वाक्य त्याच नम्रतेने सांगायचा आणि शेवटी "आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व" म्हणायचा. मला वाटतं, त्यानेच ते थकले. समन्स आलं नाही. चार गठ्ठे रद्दीत गेले. डेलावेर जाताना मामा जरा हळहळला.

मला कायद्यांबद्दल एरवी भक्तिभाव नाही. बरेचसे कायदे सभेत भाषण करणाऱ्या तळमजल्यावरच्या माणसांसारखे वाटतात. पण हा एक मला आवडला, कारण त्यात मोठेपणाचा आव नाही. कुठेतरी थांबावं लागतं एवढंच तो सांगतो, आणि कुठे थांबायचं तेही सांगतो. मामीच्या आईला हे पाटी डोक्यावर असताना समजलं होतं, तरी तो कायदा तिने वाचला नव्हता आणि त्या कायद्यानेही तिला विचारलं नव्हतं.

ठरलेल्या महिन्यात मामीचं ऑपरेशन झालं. आधी एक गुडघा, काही महिन्यांनी दुसरा. फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीला तिने शाळेतल्यासारखी शिस्त लावली. वकीलबाई दोनदा भेटून गेल्या. एकदा येताना त्यांनी बदाम आणले.

मध्यंतरी मी कळव्याला गेलो तेव्हा दोघं बाजारातून परतत होती. मी जिन्यात मागून गाठलं. मामा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लोखंडी खुर्चीवर बसला होता. मांडीवर कोथिंबिरीची पिशवी, तोंड लाल.

"मामी कुठेय?"

त्याने वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावरून कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मामीचा.

"अहो, येताय ना? का तिथेच मुक्काम?"

"येतो गं," मामा म्हणाला आणि बसून राहिला. "जरा दम खातो. तू हो पुढे. तिला सांग, दोन मिनिटं."